राहिलेली एक तपासणी

दिवाळीनंतर गावाहून आणलं तेव्हा रुपरावांचं वजन अठ्ठावन्न किलो होतं. होळीला ते सत्तेचाळीस भरलं. चार महिन्यांत अकरा किलो गेले कुठं, हे शामलाला कळत नव्हतं, आणि ज्याला ते ठाऊक असायला हवं तो माणूस खाटेवर मांडी घालून म्हणत होता, "मले काय धाड भरली? मस्त आहो मी."

शामला धरमपेठेत मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. वय एक्केचाळीस, लग्न केलेलं नव्हतं. धाकटा भाऊ कृष्णकांत भिलाईला नोकरीत होता. आई गेल्यावर वडील, रुपराव, दोन वर्षं सावनेरजवळच्या गावी एकटेच राहिले. शेती पुतण्याकडे अर्ध्या वाट्यानं, बटईनं दिली आणि तिथंच हातानं भाकर थापून खाऊ लागले, तेव्हा शामला जाऊन त्यांना घेऊनच आली. तिच्या दोन खोल्या तळमजल्यावर होत्या. घरमालकीण रंभाबाई वर राहायच्या. अंगणाच्या टोकाला संडास होता, दोन्ही घरांचा मिळून एकच.

वजनाच्या पायी शामलाच्या सगळ्या किरकोळ रजा संपल्या. आधी छातीचा एक्स-रे काढला, क्षय नाही. साखर बघितली, नाही. रक्त, लघवी, सगळं ठीक. डॉक्टरांनी विचारलं, "जेवण कसं आहे?" तर हिनं तोंड उघडायच्या आत रुपराव म्हणाले, "दोन टाइम. चार-चार पोळ्या."

"बाबा, संध्याकाळी तुम्ही एक पोळी खाता."

"दुपारी जास्त होते ना वं. तू कुठं पाहायले असते?"

हे खरं होतं. अकराला ती ताट झाकून शाळेत जायची. पाचला येई तेव्हा ताट घासूनपुसून पालथं घातलेलं असायचं. भिलाईहून कृष्णकांतचं कार्ड आलं, 'बाबांना टॉनिक सुरू कर, इकडे सगळे तेच देतात.' टॉनिक आणलं. रुपरावांना त्याची चव आवडली. वजन आणखी एक किलो उतरलं.

शेवटी डॉक्टर म्हणाले, पोटात जंत वगैरे आहेत का बघू, शौच तपासून घ्या. त्यांनी एक छोटी डबी दिली. सकाळी शामलानं विचारलं, "झालं?" रुपराव म्हणाले, "आज नाही." दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तिनं चिडून एनिमाचं नाव काढलं, तर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

त्याच संध्याकाळी रंभाबाई जिन्यात भेटल्या. "शामले, तुह्या घरची गाय चांगली धष्टपुष्ट झाली वं."

"कोणती गाय?"

"रोज बाराले येते ना तुह्या दारी. बाबाजी ताटभर खाऊ घालतात तिले. वरण-भात, पोळी-भाजी. मले वाटलं, तुम्ही काही व्रत धरलं."

शामला पर्स खांद्यावरच ठेवून घरात शिरली. रुपराव रेडिओची बटणं फिरवत होते. तिनं रेडिओ बंद केला.

"बाबा, आपली गाय काय जेवते?"

रुपरावांनी वर पाहिलं नाही. "मुक्या जनावराले दिलं तं पुण्य लागते."

"तुम्ही काहून नाही जेवत? माझ्या हातचं आवडत नाही का? सांगा, मी बाई ठेवते सैपाकाले. गावाची आठवण येते? सांगा. काहीतरी सांगा! सुया टोचून घेतल्या, पण तोंडातून एक अक्षर नाही. सगळ्या तपासण्या झाल्या, एवढी एक राहिली, अन् तुमच्यानं तेवढंही होत नाही!"

"पोटात काही असलं तं होईन ना," रुपराव एकदम ओरडले. आणि मग हळूच म्हणाले, "बसलो का उठता येत नाही वं मले."

शामला खुर्चीवर बसली.

"मार्गशीर्ष महिन्यात एक दिवस बसलो, तं गुडघे धरूनच राहिले. भिंत गुळगुळीत. हात टेकाले काही नाही. गावी बाभळीचं खोड धरून उठत होतो. इथं काय धरू? बाहेरून रंभाबाई कडी वाजवून राहिली, 'कोण आहे, कोण आहे.' मी बोललोच नाही. मंग तसाच हातावर रांगत उठलो. त्या दिवशी इचार केला, कमी खाल्लं तं कमी जा लागन. दोन-तीन दिवसांआड भागते आता."

"मले सांगाचं नाही?"

"तू पोरगी आहेस."

"कृष्णकांत असता तं सांगितलं असतं?"

रुपरावांनी विचार केला. "त्यालेही नसतं सांगितलं."

शामलाला रडू यायला हवं होतं. पण गेले दोन महिने फळ्यावर समीकरण लिहितानासुद्धा तिच्या डोक्यात कॅन्सर हाच शब्द असायचा. मनातल्या मनात तिची कृष्णकांतला तार करून झाली होती. आणि इथं गुडघे! रडण्याआधी राग संपायला हवा होता, आणि तो संपेना. तिनं पोळ्या लाटल्या त्या इतक्या जोरात, की रुपराव दारात येऊन म्हणाले, "पोळपाट फुटन."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिनं घरातली हातांची सागवानी खुर्ची सायकल रिक्षात घातली आणि महाल भागात शालिकराम सुताराकडे नेली. शाळेचे बाक तोच दुरुस्त करायचा. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती.

"बाई, चांगल्या खुर्चीले भोक काहून पाडता?"

"माझ्या वडिलांना संडासात बसलं की उठता येत नाही म्हणून," शामला म्हणाली. आवाज जरा मोठाच निघाला. गिऱ्हाइकं रंध्याकडे पाहू लागली.

शालिकरामनं खुर्ची उलटी करून पाय हलवून बघितले. "उंची किती त्याहिची? हातावर जोर देतील, तं हात पक्के करा लागतील. माह्या मायले मी दोरी बांधून देली होती. खुर्चीचं सुचलंच नाही."

खुर्ची आली. रुपराव तिच्यावर बसेनात. "राजा आहो का मी? लोकं काय म्हणतील?" लोकं म्हणजे एकट्या रंभाबाई. खुर्ची संडासात ठेवून तर दिली, पण त्यांना विचारायला हवं, म्हणून शामला वर गेली. नाही म्हणाल्या तर काय बोलायचं याची तिनं तयारी केली होती.

रंभाबाई म्हणाल्या, "सकाळीच पाहिली. बसूनही पाहिली. उचलू नको आता, आतच राहू दे. माझे गुडघे काय सोन्याचे आहेत?"

हे कळताच रुपराव उठले. "माझ्यासाठी खुर्ची बनवली अन् ती बाई आधी बसली?" म्हणत ते काठी टेकत अंगणात गेले. डॉक्टरांकडे डबी पोचली. जंत निघाले नाहीत. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि गुडघ्यांना शेक सांगितला. "हे मी विचारायला हवं होतं," असंही म्हणाले.

मे महिन्यात वजन एक्कावन्न झालं. गाय काही दिवस दारी येऊन उभी राहायची, मग यायची थांबली. रुपरावांना आता वांग्याच्या भाजीत तेल कमी वाटू लागलं, वरण पातळ वाटू लागलं, आणि ते तसं रोज सांगू लागले. शामला रोज चिडायची.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर, निघता निघता ती दारात थांबली.

"बाबा, आणखी काही दुखते का? असलं तं आत्ताच सांगा."

"काही नाही."

"खरं?"

रुपरावांनी गालावर हात ठेवला. "दाढ," ते म्हणाले. "डाव्या बाजूची. मागची."

शामलानं पर्स टेबलावर ठेवली, आणि अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहायला कागद शोधू लागली.