भारदस्त शब्द

भावजींनी ‘हिट’वर पेन्सिलीने आडवी रेघ मारली आणि वर ‘स्ट्रक’ लिहिलं.

“हिट गल्लीतला शब्द आहे, वहिनी. शाळेत शोभत नाही.”

वहिनीने शिलाई मशीन थांबवलं. गिऱ्हाइकाच्या पँटची एक दुमड अजून बाकी होती.

“अहो, पण सरांनी मारलं ते गल्लीतल्यासारखंच ना?”

भावजी हसले नाहीत. ते कचेरीत साहेबांची पत्रं लिहीत. कुठला शब्द कुठल्या खुर्चीपुढे चालतो, हे त्यांना तोंडपाठ. आणि शाळेचा दंडकच तसा होता. तक्रार आई किंवा वडिलांनीच करायची, मुख्याध्यापिकेसमोर उभं राहून, तीही इंग्रजीत. मार खायला कुठलीही भाषा चालते, गाऱ्हाण्याला मात्र इंग्रजीच लागते! वहिनीच्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण नवरा परगावी कामाला, आणि घरात इंग्रजी येणारे हे एकटे भावजी.

कोपऱ्यात वहिनीची लेक चिमणी चित्र रंगवत होती. सरांच्या थपडेने तिच्या डाव्या कानाचा पडदा फाटला होता. डॉक्टर म्हणाले, या कानाने पुन्हा ऐकू येईलच असं सांगता येत नाही.

थोड्या वेळाने भावजींना ‘स्ट्रक’ही टोचू लागलं. त्याच्या जागी ‘डिसिप्लिन्ड’ आलं. कानाचं दुखणं होतं, त्याचं ‘डिसकम्फर्ट’ झालं.

“भावजी, यात मारल्याचं कुठे आहे?”

“तेच आहे सगळं. जरा भारदस्त केलंय.”

“म्हणजे शालजोडीतून मारलंय म्हणा,” वहिनी म्हणाली आणि मशीन जोरात चालवू लागली. तरीही रात्रीच्या स्वयंपाकापर्यंत तिने ती वाक्यं घोकून घेतली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत, भावजींना आणि चिमणीला सोबत नेऊन, तिने ती मुख्याध्यापिकेच्या खोलीत न अडखळता म्हणून दाखवली. मुख्याध्यापिकाबाईंनी मान डोलावत ऐकलं.

“व्हेरी वेल सेड,” त्या म्हणाल्या. “तुम्ही समजूतदार आहात. डिसकम्फर्ट झाला असेल, तर वुई रिग्रेट इट. सरांचा हेतू शिस्तीचाच होता, तुम्हीही तेच म्हणताय. मग विषय संपला, नाही का?”

आदल्या दिवशी घोकलेलं वहिनीच्याच गळ्यात आलं होतं, आणि वर शाबासकी! तिने भावजींकडे पाहिलं. ते हातातल्या कागदाकडे बघत होते.

बाई उठून चिमणीच्या डाव्या बाजूला आल्या. चिमणी खिडकीतून मैदानाकडे पाहत होती. बाहेर पोरांचा गलका चालला होता. खुर्ची पुढे करून त्या हळुवार म्हणाल्या,

“सिट डाउन, डिअर.”

चिमणी उभीच.

“यू मे सिट.”

ती मैदानाकडेच पाहत राहिली. बाईंच्या कपाळावर आठी आली, पण आवाज आणखी गोड झाला.

“प्लीज बी सीटेड.”

वहिनीने लेकीच्या खांद्याला हात लावला, तेव्हा कुठे ती वळली. सगळे आपल्याकडेच बघताहेत, हे पाहून ती गोंधळली.

“काय गं आई? कोणी काही म्हणालं का?”

भावजींनी कागदाची घडी घातली आणि खिशात कोंबली.

“ही हिट हर, मॅडम,” ते म्हणाले. “हिट.”