एका तोंडचा शब्द

"कोणी सांगितलं होतं तुला वर जायला? कोणी?" गोलकीपरने हातमोजे भिंतीवर भिरकावले आणि तो कप्तानासमोर येऊन उभा राहिला.

कप्तान बाकावर बसून मोजा उतरवत होता. अर्ध्यावर आलेला मोजा त्याने तसाच धरून ठेवला. मान काही उचलली नाही.

"मूग गिळून बसलास काय? एक मिनिट राहिलं होतं रे! एकच मिनिट!"

"बस झालं," दारातून मॅनेजर म्हणाला. "अंघोळी उरका आणि घरी जा. आज कोणी कोणाला काही बोलायचं नाही."

एवढं म्हणून तो वळला. त्याचा आवाज इतका खाली आलेला त्या खोलीने कधी ऐकला नव्हता.

देवाने ह्या माणसाला पाय बेताचे दिले होते, पण गळा देताना हात आखडला नव्हता. सतराव्या वर्षी तो ह्याच क्लबात आला आणि बचावफळीच्या मधोमध उभा राहिला. त्याच्याहून उंच, त्याच्याहून चपळ कितीतरी आले नि गेले. हा पंधरा वर्षं टिकला तो ओरडण्यावर. मैदानाच्या शेवटच्या पायरीवर बसलेल्या माणसालाही त्याचा शब्द न् शब्द कळायचा, म्हणून नाव पडलं भोंगा. गुडघ्याची दोन ऑपरेशनं झाली, तिसऱ्या वेळी डॉक्टरांनीच हात जोडले, तेव्हा त्याने बूट उतरवले आणि शिट्टी गळ्यात घातली. आधी ज्युनिअर मुलं, मग राखीव संघ, आणि गेली सहा वर्षं मुख्य संघाचा मॅनेजर. ह्याखेरीज त्याला एकच काम मन लावून करता येतं, गॅसवर दूध ठेवून विसरणं, असं त्याची बायको म्हणायची.

आता तो 'वर' काय ते सांगायला हवं. बचावफळीतले चौघे एका ओळीत उभे असतात. योग्य क्षणी चौघांनी एकदम चार पावलं पुढे टाकली की समोरचा फॉरवर्ड त्यांच्या पाठीमागे एकटा पडतो, ऑफसाइड ठरतो आणि त्याचा गोल धरला जात नाही. पण पावलं चौघांची एकदम पडायला हवीत. एक जरी मागे राहिला तरी सगळं मुसळ केरात. म्हणून 'वर' हा शब्द एकाच तोंडून निघायचा, कप्तानाच्या. हा नियम मॅनेजरनेच केला होता. दर मोसमाच्या पहिल्या सकाळी तो सगळ्यांना बसवून सांगायचा, "बाहेरून कोणी हा शब्द काढायचा नाही. मीसुद्धा नाही. मी काढला तर मला मैदानाबाहेर हाकला."

मुलं हसायची.

आज पहिल्या डिव्हिजनमध्ये टिकायला बरोबरी पुरेशी होती. शेवटचं मिनिट. चेंडू समोरच्यांच्या पायात. कप्तानाने डावीकडच्या बॅकला हाताने खूण केली, थांब. बरोबर केली, त्या बाजूने धोका होता. पण बाकाजवळ उभ्या असलेल्या मॅनेजरला ते दिसलं नाही. त्याला दिसली ती फक्त फॉरवर्डची पाठ, थोडी वळलेली. तशा पाठी त्याने पंधरा वर्षं पाहिल्या होत्या. डोकं काही म्हणायच्या आत गळा म्हणून गेला, "वर!"

तिघे पुढे धावले. त्यांत कप्तानही होता, कारण सोळाव्या वर्षापासून त्या आवाजावर त्याचे पाय हलत आले होते. डावीकडचा बॅक तेवढा खुणेप्रमाणे जागेवर थांबला. फॉरवर्ड मोकळा सुटला. कप्तानाने लाइन्समनकडे बघत हात उंचावला, तोवर चेंडू जाळ्यात होता.

टीव्हीवर दाखवत होते तो एवढाच, उंचावलेला हात.

मॅनेजर आपल्या खोलीत आला तेव्हा त्याचा मेहुणा तिथे होता. हा त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ आणि संघाचा सहायक प्रशिक्षक. सामन्यात दोघे शेजारी शेजारीच असत.

"दाजी," मेहुणा दार लोटून म्हणाला, "ते ओरडणं मी ऐकलं. गर्दीच्या गोंगाटात बाकी कोणाला कळलेलं दिसत नाही."

"त्या तिघांनी ऐकलं."

"ते बोलणार नाहीत."

"तेच तर."

तेवढ्यात क्लबचे अध्यक्ष आत आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"झालं ते झालं," ते म्हणाले. "बोर्ड सकाळी बसतंय. पत्रकारांना एवढंच सांगा, कप्तानाचा अंदाज चुकला. सगळ्या जगाने पाहिलंच आहे. त्याला आपण सोडतोय, आणि पुढच्या मोसमात संघ परत आणायला तुम्हीच आहात. माझा शब्द."

"आणि तसं नाही सांगितलं तर?"

"तर मग चुकलं कोणाचं?" अध्यक्ष म्हणाले. "लोकांना कोणीतरी लागतंच ना हो."

ते गेले. मेहुण्याने टेबलावरची पाण्याची बाटली उघडली, पुन्हा बंद केली.

"दाजी, तो अजून सव्वीसचा आहे. त्याला दुसरा क्लब मिळेल. तुम्हाला ह्या वयात कोण विचारतंय?"

"हा गोल घेऊन फिरेल तो. बचावपटू म्हणून त्याला दारात कोण उभं करणार?"

"ताईला काय सांगू मी?"

"तिला सांग, दुधाकडे बघायला आता घरी माणूस आहे."

मेहुण्याला हसू आलं आणि आल्याचं वाईटही वाटलं.

पत्रकारांच्या खोलीत खुर्च्या भरल्या होत्या. पहिलाच प्रश्न आला, कप्तानाने तो निर्णय का घेतला?

"त्याने घेतला नाही," मॅनेजर म्हणाला. "मी 'वर' म्हणून ओरडलो. त्याने डावीकडच्याला थांबवलं होतं, ते बरोबर होतं. चूक माझी."

"म्हणजे डावपेच तुमचे होते, असं का?"

"डावपेच कसले? तोंडातून गेलं."

एका तरुण वार्ताहराने पेन थांबवलं. "सर, एवढ्या गर्दीत तुमचा आवाज तिथवर पोहोचला?"

मागच्या रांगेत एक म्हातारा वार्ताहर बसला होता. "पोहोचतो, पोहोचतो," तो म्हणाला. "तीस वर्षं झाली, माझा डावा कान त्यांनीच नेलाय."

खोलीत थोडं हसू झालं. मॅनेजरही हसला. मग आणखी प्रश्न आले, त्यांची त्याने जेवढ्यास तेवढी उत्तरं दिली.

बाहेरच्या बोळात कप्तान भिंतीला टेकून उभा होता. केस अजून ओले.

"सर, कशाला बोललात?"

"तू का नाही बोललास?"

"तुम्ही ओरडलात... मी गेलो. त्यात काय बोलायचं?"

"माझं केव्हा ऐकायचं नाही, ते शिकवायचं राहिलं बघ तुला," मॅनेजर म्हणाला. त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं त्याच्या मनात आलं होतं, पण कप्तान रडेल अशी धास्ती वाटली, म्हणून त्याने नुसतं विचारलं, "मोजा कुठे तुझा दुसरा?"

कप्तानाने खाली पाहिलं. एका पायात मोजा नव्हताच.

सकाळी मॅनेजरला काढायला बोर्डाला नऊ मिनिटं लागली. त्याचं काम तात्पुरतं मेहुण्याला सांगितलं गेलं. तो बोळात येऊन उभा राहिला. "दाजी, मी नाही म्हणतो."

"घे. नाहीतर बाहेरून कोणीतरी आणतील. फक्त सामन्यात तोंडात च्युइंगम ठेवत जा. ओरडायला गेलास तर आधी ते पडेल."

मॅनेजरने टेबलाचे खण रिकामे केले. सगळा संसार एका पिशवीत मावला. मुख्य दारापाशी कॅमेरेवाले होते, म्हणून तो मैदानातून निघाला.

दुपारी तिथे शाळांचा सामना होता. माळी एकटाच रेषा आखायच्या तयारीत होता. गोलजवळ खुंटी ठोकून त्याने दोरी ओढत आणली होती, आणि दुसरी खुंटी कुठे पडली ते शोधत होता. मॅनेजरला पाहून तो सरळ झाला.

"साहेब, घाईत आहात?"

"नाही."

"मग जरा हे टोक धरता? खुंटी काही सापडेना."

मॅनेजरने पिशवी गवतावर ठेवली आणि दोरीचं टोक घेतलं. गुडघा वाकत नव्हता, म्हणून दुसऱ्या पायावर भार देत, एक हात जमिनीला लावून तो बसला. टोक त्याने गवताशी धरलं.

"ताणा अजून!" पलीकडून माळी ओरडला. "मधे झोल येतोय!"

त्याने ताणलं. माळ्याने रंगाची गाडी दोरीला लावली आणि पावलं मोजल्यासारखा तो चालू लागला. चाक कुरकुरत होतं. पांढरी रेषा सावकाश पुढे येत राहिली. ती बुटाजवळ पोहोचली तेव्हा मॅनेजरने पाय थोडा मागे घेतला, आणि माळी "सोडा" म्हणेपर्यंत दोरी धरून ठेवली.