रुंद चकत्यांचे घोडेस्वार

आमच्या क्लबात एक नियम आहे: टेबलावर पडला तो मेला. आम्ही टेबलावर जुन्या लढाया खेळतो; खेळताना शिशाचा सैनिक कुणाच्या हातून आडवा झाला, तर शत्रूच्या गोळीने मेला असं धरून त्याला बाजूला ठेवायचं. धसमुसळ्या लोकांना आवर घालायला कधीतरी हा नियम केला होता. पुढे वेंडेल थेयरला कंपवात झाला आणि नियमाला खरं काम मिळालं.

वेंडेल आमच्यातला सगळ्यात जुना. साडेतीनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा फिलिप राजा इंग्रज वसाहतीशी लढला, त्या लढाईतली वसाहतीची घोडदळ तुकडी त्याची. बारा घोडेस्वार, अंगात जाड चामडी डगले, डोक्यावर लोखंडी टोप, कमरेला तलवारी. करंगळीएवढा एकेक, पण खोगिराचं बक्कलसुद्धा वेगळं दिसतं. सगळे त्यानेच रंगवलेले. आता त्याला कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. असा एक घोडाही पुन्हा आपल्या हातून रंगणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. आणि आमची रीत अशी, की वार्षिक लढाईत ज्याची तुकडी पार बुडाली त्याने ती क्लबाला द्यायची आणि जिंकणाऱ्याने ती पुढे चालवायची. रंगवली कुणी, हे कुणी विचारत नाही.

गेल्या वर्षी त्याचे निम्मे घोडे शत्रूने नाही, त्याच्याच बोटांनी पाडले. आमचा अध्यक्ष क्रेग सूझा दरवेळी "पडला तो मेला" म्हणायचा, तेही बाळाला घास भरवावा अशा लाडिक आवाजात. मला त्याच्या तोंडात मोजपट्टी कोंबावीशी वाटत होती. तुकडी कशीबशी वाचली.

या हिवाळ्यात वेंडेलने घरी बसून उपाय काढला. प्रत्येक घोडा ज्या छोट्या चकतीवर उभा असतो, ती त्याने काढली आणि खाली रुंद, जड चकती चिकटवली. थरथरत्या हातांनी हे करायला त्याला किती त्रास झाला असेल, कल्पना करवत नाही. मंगळवारी हॉल झाडायला आम्ही तिघं जमलो, तेव्हा त्याने एक घोडा टेबलावर ठेवला आणि शेजारी मूठ आपटली. घोडा हलला नाही.

"बघ नॉरीन," तो मला म्हणाला, "आता हा बापजन्मात पडत नाही."

क्रेगने घोडा उचलला, उलटा केला, चकतीला मोजपट्टी लावली आणि म्हणाला, "झकास काम केलंस, म्हातारबा." मला वाटलं, या माणसाला कधी नव्हे ती माणुसकी सुचली. इतकी वर्षं त्याला ओळखून मला असं वाटावं, म्हणजे कमालच.

शनिवारी दुपारी वार्षिक लढाईला सगळा क्लब जमला. लढाई साधी होती: दलदलीपलीकडच्या गढीत वसाहतीचे लोक अडकलेत, वेंडेलच्या घोडेस्वारांनी जाऊन त्यांना सोडवायचं. क्रेगकडे वाम्पानोआग, म्हणजे फिलिप राजाच्या जमातीचे योद्धे. त्या लोकांचे वंशज आजही आमच्यापासून दोन गावं पलीकडे राहतात. त्यांच्यातलं कुणी आमच्या टेबलाकडे फिरकत नाही, आणि का ते आम्ही विचारत नाही.

वेंडेलने घोडे पुढे सरकवायला सुरुवात केली. हात लटपटत होता, चकत्या टेबलावर खडखडत होत्या, पण एकही घोडा पडला नाही. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. वेंडेलचे कान लाल झाले. इतका खूश मी त्याला कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

मग तो दलदलीतल्या वाटेपाशी आला. वाट दोन घोड्यांची, म्हणजे शेजारी शेजारी दोन जातात आणि तुकडी पटकन पार होते. त्याने दोन घोडे वाटेवर ठेवले. बसले नाहीत. नखभर जागा कमी पडत होती. त्याने पुन्हा ठेवून पाहिले.

"वाटेत बसत नाहीत ते एकेक जाणार," क्रेग म्हणाला. "नियम आहे."

"जुन्या चकत्यांचे दोन बसले असते," मी म्हणाले.

"बसले असतेच ना. वाट जुन्या मापाचीच आहे."

"ही दलदल कधी केलीस तू?"

"बुधवारी." त्याने डोळेसुद्धा खाली केले नाहीत. "का गं? नवीन दलदल करायला तुझी परवानगी लागते?"

"दरवर्षी वाट ऐसपैस असते, क्रेग. तू मंगळवारी माप घेतलंस आणि बुधवारी वाट कापलीस. नीच आहेस तू."

टेबलाभोवतीचे सगळे डोनटच्या खोक्यात काहीतरी हरवल्यासारखे बघत होते.

"जाऊ दे, नॉरीन," वेंडेल म्हणाला. "मांडलेली जमीन बदलत नाहीत. तोही नियमच आहे."

एकामागून एक घोडे वाटेवर आले. दोन्ही बाजूंच्या झाडांत लपलेल्या योद्ध्यांच्या गोळ्यांसाठी क्रेगचे फासे पडत गेले आणि जो घोडा पुढे येई तो मरत गेला. मेलेला सैनिक ज्याचा त्याने उचलायचा असतो. वेंडेलला एकेक उचलायला फार वेळ लागत होता.

"मी उचलू का? काळोख होईल," क्रेग म्हणाला. दोघं-तिघं हसले.

"माझे मी उचलतो."

शेवटी कप्तान राहिला. तो वाटेच्या टोकाशी पोचला होता, गढी हातभर दूर. क्रेगने फासे टाकले. वेंडेलने कप्तान उचलला, थोडा वेळ मुठीत धरला आणि मग सगळी तुकडी क्रेगपुढे सरकवली.

क्रेगने तिथेच खिशातून सुरी काढली आणि पहिल्या घोड्याची रुंद चकती उचकटायला घेतली. "आता ही थेरं नकोत. माझे हात शाबूत आहेत."

कट्कन आवाज आला. घोड्याचा पुढचा पाय चकतीवरच राहिला.

"वरून नको," वेंडेल म्हणाला. त्याचा आवाज अगदी शांत होता. "खुराखाली डिंक जाड आहे. सुरी आडवी धर, मागच्या पायाकडून घाल. दे, मी दाखवतो."

त्याने हात पुढे केला. हात हवेत थरथरत होता.

"तुझ्या हातात सुरी?" क्रेग म्हणाला. "आम्हाला घरी जिवंत जायचंय, म्हातारबा."

सगळे खो खो हसले. मी हसले नाही, मी वेंडेलकडे बघत होते. त्याने सगळ्यांच्या तोंडांकडे एकदा पाहिलं, हात मागे घेऊन मांडीखाली दाबला आणि तोही हसला. हसला नसता, तर पुढच्या शनिवारी त्याला कुठे जायला जागा उरली नसती.