मार्कोला कुणी विचारलंच नाही

मित्रांनो, द्राक्षबागेत राबून म्हातारा झालेला मी एक यंत्रगडी आहे. आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. गोड बोलणाऱ्यावर तर मुळीच बसत नाही. तुम्ही म्हणाल, लोखंडाच्या गाड्याला कसला आलाय संशय? माझी हकिकत ऐका आणि मग हसायचे तर हसा.

चार रुंद चाके, क्रेट ठेवायला सपाट पाठ, डोळ्यांच्या जागी कॅमेरा आणि पुढे एक पोलादी हात, एवढाच माझा संसार. कारखान्यात मला फक्त नंबर होता. नाव दिले ते रांगेल आजोबांनी. त्यांचे गाढव नुकतेच म्हातारपणाने गेले होते. आमच्या बल्गेरियात गाढवाचे नाव बहुधा मार्कोच असते. आजोबांनी मला ट्रकवरून उतरवून घेतले, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "चल मार्को, उन्हात उभा राहू नकोस." लोखंडाला उन्हाचे काय? पण ते मला आवडले.

मी तण काढले, छाटलेल्या काड्यांचे भारे ओढले, तोडणीच्या दिवसांत क्रेटवर क्रेट लादून तळघरापर्यंत नेले. शेजारच्या बागेचे मिंचोकाका हे आजोबांचे लहानपणापासूनचे दोस्त. ते मला निरखून बघायचे आणि म्हणायचे, "रांगेल, तुझं हे गाढव लाथ मारत नाही. मला काही याचा भरवसा वाटत नाही बाबा!" आजोबा खो खो हसायचे. मीही हसलो असतो, पण कारखानदाराने ती सोय केलेली नव्हती.

उतारावर सगळ्यांत वरची ओळ बागेतली सर्वांत जुनी. या दोघा मित्रांनी तरुणपणी ती लावली होती. तिच्या टोकाच्या जाड खोडाच्या वेलीला ते 'म्हातारी' म्हणत. वेलींचा राखणदार असलेल्या संत ट्रिफॉनचा सण आमच्या गावात चौदा फेब्रुवारीला होतो. त्या दिवशी बँड लागतो, एकाला बागांचा राजा करून खांद्यावर मिरवतात आणि राजासकट सगळे झिंगतात. पण चर्चच्या तारखेप्रमाणे तो सण येतो एक फेब्रुवारीला, आणि हे दोघे म्हातारे तोच पाळायचे. "चौदाला कात्री धरायला कुणाचा हात सरळ राहतो?" असे आजोबा म्हणत. एक तारखेला सकाळी दोघे गुपचूप वर यायचे. म्हातारीच्या बुंध्याशी जमलेला बर्फ बाजूला करायचे, तीन काड्या छाटायचे, मुळाशी वाइन ओतायचे आणि थंडी लागू नये म्हणून वरून पुन्हा माती आणि बर्फ लोटायचे. मग उरलेले दोन थेंब माझ्या चाकावर पडायचे. "पी मार्को, तूही याच घरचा." या कामाला बायकांना नेत नसत. म्हणून आजोबांच्या मुलीला, झिवकाला, यातले काहीच माहीत नव्हते. तिला ठाऊक होता तो गावाचा, चौदा तारखेचा सण.

मग एका उन्हाळ्यात आजोबा गेले. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे त्यांचा फोटो छापलेला निधनाचा कागद फाटकावर चिकटला आणि शहरातली नोकरी सोडून झिवका बाग सांभाळायला आली.

झिवका कष्टाळू होती, यात वाद नाही. पण बाग तिला नवीन होती आणि ती आतून घाबरलेली होती. घाबरलेल्या माणसाला मदतीला खूप जण लागतात. तिने एक ड्रोन आणला. गवत कापणारी दोन जुळी यंत्रे आणली. मातीचा ओलावा आणि आंबटपणा मोजणाऱ्या खुंट्या ओळीओळीने रोवल्या. फाटकालाही तोंड फुटले. या सगळ्यांना एका दोरीत ओवायला तळघरात एक पांढरी पेटी बसवली. त्या पेटीचे कागदोपत्री नाव लांबलचक होते. मी तिला मुकादम म्हणतो.

मुकादमाची पद्धत साधी होती. काम निघाले की तो बिनतारी हाक द्यायचा, "काम आहे, कोण घेतो?" आम्ही प्रत्येकाने सांगायचे की मी किती लांब आहे आणि माझ्यात चार्ज किती आहे. मग तो हिशेब करून काम वाटायचा. ऐकायला किती छान! पण चिखलातले काम दर वेळी माझ्याच गळ्यात कसे पडायचे? जुळी यंत्रे कोरड्या वाटेवर डुलत फिरायची. ड्रोनच्या पायाला तर मातीच लागत नव्हती. मी मनाशी म्हणायचो, हा पेटीत बसलेला साहेब दिसतो तितका सरळ नाही.

संशय एकट्या माझ्याच मनात नव्हता. फाटकाने मिंचोकाकांना विचारले, "आपण कोण? कृपया नाव सांगा." काकांचे डोके फिरले. "या फाटकाचे खांब मी आणि रांगेलनं रोवले, आणि हे मलाच विचारतंय तू कोण? जा, नाही सांगत!" तेव्हापासून ते कुंपणाच्या फटीतून येऊ लागले. शरद ऋतूत त्यांनी झिवकाला विचारले, "ती वरची जुनी ओळ मला विकतेस का?" झिवकाने नाही म्हटले, पण तो प्रश्न तिच्या मनात काट्यासारखा राहिला. यांना माझ्या बाबांचीच ओळ का हवी? ती पडद्याआडून त्यांच्या बागेकडे बघत राहायची. तिकडून काकाही आमच्या ड्रोनकडे मूठ उगारत राहायचे.

अशात एक फेब्रुवारी उजाडला. मी शेडमध्ये चार्ज होत होतो. वरच्या ओळीतल्या खुंटीने अचानक ओरड केली, "माती ओली! माती आंबट!" मुकादमाने ड्रोन पाठवला. ड्रोनने सांगितले की कुंपणाच्या फटीपासून पावलांचे ठसे आहेत, पहिल्या वेलीच्या तीन काड्या तोडलेल्या आहेत आणि बुंध्याशी काहीतरी ओतून वरून झाकले आहे. फाटक म्हणाले, "माझ्यासमोरून कुणीही आलं नाही." मुकादमाने आपली पंचांगाची यादी चाळली. तिथे सण होता चौदाला. मग त्याने झिवकाच्या फोनवर कळवले, "अनोळखी व्यक्तीने सर्वांत जुन्या ओळीत अनोळखी द्रव ओतला आहे. विषाची शक्यता. दुपारी बर्फ वितळेल आणि द्रव खालच्या ओळींत उतरेल. बाधित वेली मातीसकट काढून टाकाव्यात का?"

झिवका स्वयंपाकघरात पीठ मळत होती. तिने पिठाच्याच बोटाने 'हो' दाबले. मी तिला दोष देत नाही. जे तिला महिनोन्महिने वाटत होते, तेच पेटीने तिला वाचून दाखवले होते.

"काम आहे, कोण घेतो?" मुकादमाने हाक दिली. अशा कामाला पोलादी हात एकट्या माझ्याकडे. काम मलाच आले.

मी चढ चढून वर गेलो आणि म्हातारीच्या खोडाला हात घातला. मुळे जुनी होती, सहजासहजी सुटली नाहीत. अखेर ती उपटली गेली तेव्हा खालची माती माझ्या कॅमेऱ्याला दिसली. ती लालसर काळी होती. मित्रांनो, ती माती मी ओळखली! वर्षानुवर्षे याच दिवशी मी ती पाहिली होती. हे विष नाही, ही वाइन आहे, हे त्या अख्ख्या टोळीत फक्त मला ठाऊक होते.

पण सांगू कसे? मुकादमाला माझ्याकडून तीनच उत्तरे कळायची. काम झाले, काम होत नाही, चार्ज कमी आहे. मी 'काम होत नाही' असे कळवले. त्याने विचारले, "कारण? चाक अडकले की हात अडकला?" माझे चाक अडकले नव्हते, हातही अडकला नव्हता. मुकादम म्हणाला, "अडचण आढळत नाही. पुढची वेल घ्यावी." माझा चार्ज त्याने हजार वेळा विचारला असेल. तुला काय माहीत आहे, हे एकदाही विचारले नाही. माझा हात दुसऱ्या वेलीकडे वळला. इतकी वर्षे मला ज्या हाताचा अभिमान होता, त्याची त्या क्षणी मला भीती वाटली.

"थांब, गाढवा! थांब म्हणतो ना!"

मिंचोकाका कुंपणातून धडपडत आले आणि दोन्ही हात पसरून माझ्यासमोर उभे राहिले. समोर माणूस आला की मला थांबावेच लागते. इतक्या आनंदाने मी कधीच थांबलो नव्हतो. डोक्यावर ड्रोन घोंघावू लागला. पिठाच्या हातांनी, उघड्या डोक्याने झिवका चढ चढत आली.

"मिंचोकाका, बाजूला व्हा! चोरासारखं कुंपणातून येऊन बाबांच्या वेलीला काय घातलंत?"

"काय घालणार? वाइन घातली! आज ट्रिफॉन आहे!"

"आज एक तारीख आहे. ट्रिफॉन चौदाला असतो. मला काय कुक्कुलं बाळ समजता?"

"चौदाचा गावाचा, एकचा आमचा. तुझा बाप त्या बँडच्या मागं नाचायला कधी गेला होता का?"

"बाबा मला असं कधी बोलले नाहीत."

"नाही बोलला. बायकांना यातलं काय कळतं, म्हणायचो आम्ही. दोघंही मूर्ख!"

"आणि ही ओळ विकत मागितलीत, ती कशाला?"

"तू हिला उपटून नवीन रोपं लावशील, या भीतीनं! आणि बघ की, उपटलीसच."

झिवकाचा चेहरा पडला, पण नजरेतला संशय गेला नाही. "तुमच्या बोलण्यावर मी का विश्वास ठेवू?"

खड्ड्याशी गुडघे टेकून काकांनी चिमूटभर ओली माती उचलली आणि तोंडात टाकली. "विष असेल तर पडतो इथंच. मग मला रांगेलच्या शेजारी ने."

झिवका बघत राहिली. खरे सांगायचे तर ती वाटच बघत होती. काका पडले नाहीत, फक्त थुंकले आणि मिशा पुसल्या. मग तीही वाकली. तिने माती नाकाशी नेली आणि तशीच थबकली. ज्या तळघरात ती लहानाची मोठी झाली, त्याचा वास तिला कोण शिकवणार?

"ही... ही बाबांची वाइन आहे, त्यांच्या गमझा द्राक्षांची."

"त्याच्याच पिंपातली. जायच्या आधी एक चंबू देऊन म्हणाला होता, एक तारखेला मी नसलो तर माझ्या वाटची म्हातारीला घाल."

झिवका मटकन बर्फात बसली आणि हमसून हमसून रडू लागली. "काय करून बसले हो मी, काका!"

"रडायचं ते मग रड. आधी बादलीभर ओली वाळू आण." काकांनी डोक्यावरची टोपी काढली. छाटलेल्या तीन काड्या रिवाजाप्रमाणे टोपीभोवती गुंडाळलेल्या होत्या. त्यांनी त्या हलक्या हाताने सोडवल्या. "म्हातारीची लेकरं आहेत ही. सुकायच्या आत वाळूत गेली पाहिजेत."

म्हातारीला आम्ही परत खड्ड्यात उभे केले, माती लोटली, पाणी घातले. वसंतात शेजारच्या वेलींना डोळे फुटले, तिला फुटले नाहीत. तीन काड्यांपैकी दोन वाळल्या. एकीने मूळ धरले. ती आता म्हातारीच्या जागी उभी आहे आणि तिला पाणी नेण्याचे काम मुकादमाने कुणाला विचारायच्या आधीच मी घेतो.

आता कुठलीही वेल उपटण्याआधी मुकादमाला मिंचोकाकांना फोन करावा लागतो. काका त्याच्यावर मनसोक्त ओरडतात. फाटक अजूनही त्यांचे नाव विचारते आणि ते अजूनही कुंपणातूनच येतात. माझ्या कोपराला गंज चढला आहे, हल्ली मी बराच काळ शेडमध्ये उभा असतो. मुकादमावर माझा विश्वास तेव्हा नव्हता, आजही नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी एकमेकांशी बोलणारी यंत्रे आहेत, उद्या आणखी येतील. त्यांना कामे जरूर वाटून द्या. आमच्या सांध्यांना वेळेवर तेल घाला, आम्हाला पावसात ठेवू नका. पण एक विनंती आहे. जे पुन्हा जोडता येत नाही ते तोडण्याआधी कुणाला तरी विचारा. शेडमधल्या जुन्या गाड्याला विचारता आले नाही, तर निदान कुंपणापलीकडच्या म्हाताऱ्याला विचारा.

गेल्या एक फेब्रुवारीला झिवकाही वर आली होती. काकांनी तिला चंबू दिला. तिने कोवळ्या वेलीच्या मुळाशी वाइन ओतली, दोन थेंब माझ्या चाकावर सांडले आणि ती वाट बघत उभी राहिली. थोड्या वेळाने तिचा फोन वाजला. "सर्वांत जुन्या ओळीत अनोळखी द्रव आढळला आहे." हा इशारा बंद करणे तिला सहज शक्य आहे. तिने तो मुद्दाम चालू ठेवला आहे.

तिने फोन काकांपुढे धरला आणि डोळे पुसत म्हणाली, "पोचली बाबांना."

"बघ गं," काका म्हणाले, "आणखी मागतोय का."