विरुद्ध बाजूची चिठ्ठी

मला घरी आणि शाळेत सगळे 'तोफ' म्हणतात. मी मनावर घेत नाही. ज्यांना दोन वाक्यं धड जोडता येत नाहीत ते दुसऱ्याला नावं ठेवणारच. पण त्या मंगळवारी ही तोफ आपल्याच किल्ल्यावर धडाडली, आणि ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आमच्या शाळेत मंडळं उदंड. नृत्य मंडळात चाळीस मुली, विज्ञान मंडळात पंचवीस जण, अगदी झाडांना पाणी घालायच्या मंडळातही अकरा. आणि आमच्या वादविवाद मंडळात तीन! एक मी, दहावीतली. दुसरा माझा मावसभाऊ, माझ्याच वर्गातला, त्याचं नाव विश्वकोश. त्याच्याकडे प्यायला पाणी मागा, तो आधी पाणी किती अंशाला उकळतं ते सांगेल. तिसरी आठवीतली चिमणी. ती वर्षाच्या मधेच दुसऱ्या शाळेतून आली होती आणि इतकं हळू बोलायची की शेजारी बसूनही दोनदा विचारावं लागे. म्हणून तिला आम्ही घंटीवर बसवलं होतं. तीन मिनिटं झाली की टिंग.

एवढ्या तिघांना खोली मात्र ऐसपैस, गुळगुळीत फरशीची. रोज मधल्या सुट्टीत आम्ही तिथे डबा खायचो आणि भांडायचो. नृत्यवाल्यांचा त्या खोलीवर कधीपासून डोळा होता. शेवटी मोठ्या बाईंची, म्हणजे मुख्याध्यापिकांची, चिठ्ठी आलीच: 'वादविवाद मंडळ चालू ठेवावे की बंद करावे, यावर मंगळवारी तिसऱ्या तासाला येऊन म्हणणे मांडावे.'

"जळ्ळं मेलं ते नृत्य!" मी म्हटलं. "मी बोलते. दहा मिनिटांत बाईंना गुंडाळते."

विश्वकोशाने चष्मा पुसला. "नीट वाच. 'चालू ठेवावे की बंद करावे.' हा विषय आहे. विषयाला दोन बाजू आहेत."

"मग?"

"मग चिठ्ठ्या टाकायला हव्यात."

आता हे समजायला आमचे सर माहीत हवेत. मंडळ त्यांनी काढलं आणि गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. त्यांचा नियम एकच. विषय दोन बाजूंचा असला की चिठ्ठ्या टाकायच्या, जी बाजू येईल ती जीव तोडून मांडायची, आणि जो मुद्दाम ढिला बोलेल त्याने मंडळातून चालू पडायचं. चार वर्षांत हा नियम आम्ही एकदाही मोडला नव्हता. शहाण्या माणसाने त्या दिवशी मोडला असता. पण आम्ही शहाणे कुठले? मी म्हटलं, नियम मोडून वाचवलेलं मंडळ काय चाटायचंय? चिमणी काहीतरी पुटपुटली, पण ते आम्ही ऐकलं नाही. डब्याच्या झाकणात दोन चिठ्ठ्या टाकल्या.

विश्वकोशाला 'चालू ठेवावे' आली. मला 'बंद करावे'.

मंगळवारी मोठ्या बाईंच्या खोलीत आम्ही तिघं उभे राहिलो. बाईंचं टेबल, वर्षानुवर्षांच्या फायलींचं कपाट, खिडकीत सुकत आलेलं एक रोप. विश्वकोश सुरू झाला. मंडळाची स्थापना, सभासदसंख्येचा आलेख, मग आलेखाचं स्पष्टीकरण. तिसऱ्या मिनिटाला बाईंनी जांभई दाबली. चिमणीने टिंग केलं तेव्हा सगळ्यांनाच हायसं वाटलं.

मग मी. देवाशपथ सांगते, बेतानेच बोलायचं ठरवलं होतं. नियमापुरतं, घसा न ताणता. पण पहिल्या वाक्याला बाईंनी मान डोलावली आणि माझ्या अंगात आलं. "बाई, तीन टाळकी एवढी मोठी खोली अडवून बसलीत," मी म्हटलं, "आणि चाळीस मुली व्हरांड्यातल्या उखडलेल्या फरशीवर नाचतायत. परवा एकीचा अंगठा फुटला. आम्ही काय करत होतो? 'शिस्त मोठी की स्वातंत्र्य' यावर आपापसात भांडत होतो! चार वर्षांत आमच्या बोलण्याने शाळेतला एक नळ तरी दुरुस्त झाला का? बोलायला खोली लागत नाही, बाई. तोंड लागतं. नाचायला मात्र जागाच लागते."

टिंग झालं नाही. वळून पाहिलं तर चिमणीचा हात घंटीवर तसाच राहिला होता.

बाईंनी पेन उचललं. "पटलं," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून खोली नृत्य मंडळाला. वादविवाद मंडळ बंद. छान बोललीस हं."

बाहेर आलो. विश्वकोशाने माझ्याशी हात मिळवला. "अभिनंदन. मी निर्विवाद हरलो."

"गप रे, गाढवा!" मी त्याच्याच हातातली फाईल ओढून त्याच्या पाठीत घातली, आणि मग भिंतीला टेकून रडायलाच लागले. काय करणार? चार वर्षांचं मंडळ मी चार मिनिटांत मोडीत काढलं होतं.

"ताई, तू ते खोटंखोटं बोललीस ना?" चिमणीने विचारलं.

"नाही गं. बोलता बोलता मलाच पटत गेलं. म्हणून तर रडतेय."

तेव्हा चिमणी ओरडली. हो, आमची चिमणी! अख्खा व्हरांडा वळून पाहायला लागला. "चाळीस जणींना खोली नाही मिळाली तर व्हरांडा तरी आहे! त्या एकमेकींना तरी आहेत! मला काय आहे? तीन महिने झाले, वर्गात माझ्याशेजारी कुणी बसत नाही. मी मधल्या सुट्टीची वाट बघत सकाळ काढते. तू नियम पाळलास, टाळी घेतलीस, झालं! सोमवारी मी डबा कुणाबरोबर खाऊ, सांग ना!"

मी बाहीने डोळे पुसले.

मागे दार वाजलं. मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. मी मनात म्हटलं, संपलं, आता आरडाओरड्याची शिक्षा.

"हे आत का नाही बोललीस?" त्यांनी चिमणीला विचारलं.

"मला चिठ्ठीच नव्हती," चिमणी नाक पुसत म्हणाली. "दोनच बाजू होत्या."

"नियमच आहे तसा, बाई," विश्वकोश म्हणाला. मी त्याच्या पायावर पाय दिला.

बाईंनी आमच्याकडे पाहिलं. तीन शहाणे, एकापेक्षा एक दीड. "खोलीचा निकाल फिरणार नाही," त्या म्हणाल्या. "मुद्दा बरोबरच होता. पण मंडळ बंद, हे मी मागे घेते. जागा तुमची तुम्ही शोधा."

"तुमची खोली मधल्या सुट्टीत रिकामीच असते," चिमणी म्हणाली. रागाच्या भरात बोलून गेली बिचारी, आणि मग स्वतःच घाबरली.

बाईंनी आत टेबलाकडे पाहिलं, मग चिमणीकडे.

"सांडासांड चालणार नाही," त्या म्हणाल्या, "आणि फायलींना हात लावायचा नाही."

सोमवारी आम्ही मोठ्या बाईंच्या टेबलाभोवती डबे उघडले. शेजारच्या आमच्या खोलीतून चाळीस मुलींच्या पावलांचा धडधडाट येत होता. विश्वकोश जेवता जेवता रोपाला पाणी किती लागतं ते सांगत होता. चिमणी माझ्यासमोर बसली होती, पण माझ्याकडे बघत नव्हती. तीन महिने ही पोर माझ्यासमोर बसून जेवली, आणि मला वाटत होतं, ती माझी भाषणं ऐकायला येते! केवढा तो तोरा माझा. लाज वाटली मला, खरंच सांगते.

"चुकलं गं माझं," मी म्हटलं.

चिमणीने डब्यातून मान वर केली. "सिद्ध कर."

मी डबा बाजूला सारला, खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि अडखळत माझ्याच विरुद्धची बाजू मांडायला लागले. शाळेची घंटा होईपर्यंत ती जेवण थांबवून, माझ्याकडे बघत ऐकत राहिली.