अठरा चाकांचा सोटा

मी हिकरीच्या लाकडाचा सोटा. लांबी दीड हाताला थोडी कमी, टोकाला शिसं भरलेलं, मुठीला कातडी पट्टा. ट्रकचे टायर ठोकून बघणं हे माझं काम. अनोळखी माणसांना वाटतं, मला मारामारीसाठी ठेवलंय. वाटू दे. मलाही त्यांच्याविषयी फार बरं वाटत नाही.

माझा जन्म मिझुरीत, कुऱ्हाडींचे दांडे करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात झाला. अंगात मध्येच एक गाठ निघाली, म्हणून कुऱ्हाडीला मी चाललो नाही. मला आखूड कापलं आणि ट्रक-थांब्यावरच्या दुकानात पाठवून दिलं. तेव्हापासून कुणी निरखून बघायला लागलं, की वाटतं, हा आता खोट काढणार.

सू फॉल्सच्या थांब्यावर व्हर्लिन ऑस्टबी या ट्रकचालकाने मला विकत घेतलं, त्याला तेवीस वर्षं झाली. दुकानातले पाच सोटे घेऊन तो बाहेर गेला, पाचांनीही आपल्याच गाडीचे टायर ठोकले, आणि मला ठेवून बाकीचे परत केले. दुकानदार म्हणाला, "लग्नाची मुलगी बघतोयस काय?" व्हर्लिन म्हणाला, "ती एवढ्या वेळा नव्हती पाहिली."

माझी भाषा सोपी आहे. टायरमध्ये हवा भरपूर असेल तर मी टणकन उसळतो. हवा गेली असेल तर भद् असा आवाज येतो आणि मी तिथेच बसतो. सर्वांत पुढची दोन चाकं सोडली, तर चाकांच्या आसाच्या प्रत्येक टोकाला टायर जोडीने असतात. त्यातला आतला बसला तरी बाहेरून कळत नाही. शेजारचा त्याचं ओझं उचलतो, रबर तापतं, आणि मग आग लागते. म्हणून रोज सकाळी व्हर्लिन अठरा चाकांना अठरा ठोके द्यायचा. त्याआधी कॉफीसुद्धा घ्यायचा नाही.

चार वर्षांपूर्वी ग्लेनडाइव्ह गावातलं घर मुलीच्या नावावर करून त्याची बायको मार्वा ट्रकमध्ये राहायला आली. चोपन्नाव्या वर्षी तिने ट्रकचा परवाना काढला. अर्धा दिवस ती चालवते, अर्धा तो. सीटच्या मागे एक बिछाना, दोन गोधड्या, कॉफीचं भांडं, तिच्या आईचे फोटो. संसार म्हणाल तर तेवढाच, आणि तो सगळा त्या चाकांवर.

गेल्या वसंतात मालाच्या कंपनीने पडदा बसवला. प्रत्येक चाकाच्या हवेच्या तोंडावर हवा मोजणारी एक टोपी, आणि स्टिअरिंगजवळ इवलासा पडदा. कुठल्या चाकात किती हवा, ते तो आकड्यात सांगतो. मला पहिल्या दिवसापासून त्याचा संशय आला. जन्मात ज्याने टायरला हात लावला नाही, तो टायरबद्दल बोलतो कसा?

व्हर्लिन त्याला 'चहाडखोर' म्हणायचा. पण हळूहळू त्याची सकाळची फेरी सुटली. पडदा ओरडला, की तेवढंच चाक ठोकायचं. पूर्वी मी पहारेकरी होतो. आता मला नुसतं साक्षीला बोलवायचे.

ऑक्टोबरातली गोष्ट. आम्ही सेंट रेजिसला उभे होतो. पुढे लुकआउटचा घाट, आणि पलीकडे आयडाहोत लांबलचक उतार. पडदा ओरडला.

"मार्वा, तुझा लाडका बोंबलतोय बघ."

मार्वा गोधडीतूनच म्हणाली, "काय म्हणतोय?"

"ट्रेलरचा मागचा आस, डावीकडचा आतला. हवा कमी."

"मग जा की तुझ्या दांडक्याला घेऊन."

तो गेला, वाकला, आणि त्याच टायरवर मला तीनदा हाणलं. मी तिन्ही वेळा टणकन उसळलो. खरं सांगतो, मला आनंद झाला. खोटारडा सापडला होता.

"काही झालेलं नाही," व्हर्लिन वर चढत म्हणाला. "काल बिलिंग्जच्या गॅरेजवाल्यांनी वायर हलवली असणार. नाहीतर आपण थांबतो का, ते कंपनीच बघतेय." त्याने आवाज बंद केला आणि पडद्यावर आपल्या डोक्यावरची टोपी अडकवली.

घाट अर्धा चढून झाल्यावर मार्वा पुढे आली. तिने टोपी उचलली. आकडा आणखी उतरला होता.

"व्हर्लिन, थांब."

"मी ठोकून बघितलंय ना."

"थांब म्हणते ना. एक तर हा खोटं बोलतोय, नाहीतर तुझं दांडकं. मला दोघांचाही भरवसा नाही. पलीकडे उतार आहे आणि माझं सगळं घर या गाडीत आहे."

बर्फात चाकांना साखळ्या चढवायला रस्त्याकडेला मोकळी जागा असते, तिथे त्याने गाडी घेतली. मार्वाने मला उचललं. तिचा हात मला नवा होता. घट्ट धरत नव्हती, म्हणून मला तीही संशयास्पद वाटली. पण तिने पुढच्या चाकापासून सुरुवात केली आणि एकही सोडलं नाही. टण. टण. टण. ट्रेलरच्या मागच्या नव्हे, पुढच्या आसाशी आलो, डावीकडचा आतला टायर.

भद्.

मी तिथेच बसलो. रबर इतकं तापलेलं की शिसं मऊ पडतंय की काय, असं मला वाटलं. वास तिलाही आला.

तिने खाली वाकून पाहिलं. टायरच्या बाजूला खडूचा बाण होता. "हे कालचं आहे. गॅरेजवाल्यांनी मागचे टायर पुढे घेतले, पुढचे मागे. टोप्या टायरांबरोबर गेल्या. पडद्याला कुणी सांगितलंच नाही."

म्हणजे पडदा खरं बोलत होता, फक्त जागा चुकीची सांगत होता. मीही खरंच बोललो होतो, पण चुकीच्या टायरवर.

"एवढा भद् आवाज," मार्वा म्हणाली. "पूर्वीसारखी फेरी मारली असतीस तर सेंट रेजिसलाच कळलं असतं."

व्हर्लिनने मला तिच्या हातातून घेतलं. बसलेला टायर ठोकला. मग शेजारचा चांगला ठोकला. मग पुन्हा बसलेला.

"मार्वा."

"काय?"

"मला दोन्ही सारखेच ऐकू आले."

गाड्या जात होत्या. मार्वाने टोमणा मारला नाही. "केव्हापासून?"

"माहीत नाही. दोन वर्षं असतील. सगळं टणच ऐकू यायचं. म्हटलं, टायर चांगले आहेत."

तेव्हा मला कळलं की ती फेरी आळसाने सुटली नव्हती; ठोकून ऐकण्यासारखं त्याला काही उरलंच नव्हतं. दोन वर्षं मी त्याच्या हातात होतो, आणि माझा सगळा संशय त्या पडद्यावर होता.

दुरुस्तीची गाडी आली. टायरमधून बोटाएवढा बोल्ट निघाला. मार्वाने सगळ्या टोप्यांच्या जागा पडद्याला नव्याने सांगितल्या. घाटापलीकडच्या वॉलेस गावापर्यंतचा उतार तिनेच उतरवला.

आता व्हर्लिनच्या दोन्ही कानांत यंत्रं आहेत. सकाळची फेरी पुन्हा सुरू झालीय, अठरा चाकं, अठरा ठोके, मागून मार्वा. हिकरीचा आवाज ऐकायला त्याला बॅटरी लागते, याचं मला सुरुवातीला वाईट वाटलं. आता वाटत नाही. पण प्रत्येक ठोक्यानंतर मी त्याच्या तोंडाकडे बघतो. तो मान हलवतो. ऐकून हलवतो की सवयीने, याची मला अजूनही खात्री नाही.

म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. मला ठेवा, नाहीतर फेकून द्या. पडदे हवे तेवढे बसवा. फक्त ऐकू आलं नसेल, तर ऐकू आलं म्हणू नका.