पडेलाला पहिली टाच

मुलांनो, मनात एक दगड उभा करा. तुमच्या डोक्याहून हातभर उंच, काळा, समोरच्या बाजूने कोरलेला. कपाटाला फळ्या असतात ना, तशा त्यावर एकाखाली एक चार चौकटी आहेत. सगळ्यात वरच्या चौकटीत एक माणूस हात जोडून पिंडीसमोर बसलाय. तिच्याखालच्या चौकटीत एक माणूस, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन बायका. त्याखाली होड्या, वल्ही आणि भाले. आणि अगदी तळाशी एक माणूस आडवा पडलाय, मेलेला.

आता सांगा, काय घडलं असेल?

तुमच्या मनात जे आलं असेल, तेच उन्नतीच्या गावानेही ठरवून टाकलं होतं, किती पिढ्यांपूर्वी कोण जाणे. राजाने पूजा केली. दासींना घेऊन राजा निघाला. होड्यांतून त्याने स्वारी केली आणि शत्रूला लोळवलं. म्हणून वरच्या राजाला गाव फुलं वाहायचं. आणि तळाशी पडलेल्या त्या माणसाला गावात नाव होतं, ‘पडेल’. चैत्रातल्या जत्रेला सगळी पोरं रांग लावून पडेलाच्या छातीवर टाच मारायची. टाचा बसून बसून तिथे दगडाला खळगा पडला होता, वाटीएवढा.

पहिल्या टाचेचा मान हिरामणच्या घराण्यातल्या बारा वर्षांच्या पोराचा. हिरामण म्हणजे उन्नतीचा आजा. या वर्षी घरात बारा वर्षांची एकच होती, उन्नती. मुलीला हा मान पहिल्यांदाच मिळत होता, आणि ती गेला महिनाभर अंगणात टाच आपटून सराव करत होती.

“काय, स्वारी आज कुनावर?” हिरामण हसून विचारायचा.

“पडेलावर!” उन्नतीचा धाकटा भाऊ दीपेश तिच्याआधीच उत्तर द्यायचा.

उन्नतीचं गाव पूर्णा गावाच्या पुढे, खाडीच्या अंगाला. आता तिथे भातापेक्षा गोदामांचे निळे पत्रेच जास्त दिसतात. गावाने दगडासाठी नवं देऊळ बांधायला घेतलं होतं. लडकू मिस्तरीने दगड नव्या जागी आणून फुटभर खड्ड्यात टेकवून ठेवला होता. जत्रेच्या दिवशी शेवटची टाच मारून झाली की खड्ड्यात काँक्रीट ओतायचं, वर फरशी बसवायची आणि राजाच्या तीन चौकटी तेवढ्या वर ठेवायच्या, असं ठरलं होतं. ही कल्पना हिरामणची. “दुश्मन कायमचा जमिनीत,” तो अभिमानाने सांगायचा.

त्याच सुमाराला शाळेत इतिहासाच्या ललिताबाईंनी सातवीला एक काम दिलं. इतिहासातल्या सगळ्यात यशस्वी पाच स्वाऱ्या शोधा, आणि त्यांचं आज काय उरलंय ते लिहा.

उन्नतीने मोबाइलवर शोधून चार लिहिल्या. मॅसिडोनियाहून पंजाबपर्यंत आलेला सिकंदर. मंगोल घोडेस्वार. समुद्र ओलांडून इंग्लंड घेणारा नॉर्मंडीचा विल्यम, ज्याच्यामुळे इंग्रजीत आजही ढीगभर फ्रेंच शब्द आहेत. मेक्सिकोत उतरलेले स्पेनचे लोक, ज्यांची भाषा तिथली मुलं आता आपली म्हणून बोलतात. पाचवी तिने कुठेही शोधली नाही. लिहिलं: ‘आमच्या राजाची स्वारी. शत्रू मेला. आम्ही आजही त्याला टाच मारतो.’

बाईंनी वही वाचली आणि चष्मा काढला.

“टाच मारतो म्हणजे?”

उन्नतीने सगळं सांगितलं. “या वर्षी पहिली टाच माझी आहे, बाई.”

“वा. मी रविवारी दगड बघायला आले तर चालेल?”

ललिताबाई रविवारी पडघ्याहून बस बदलत आल्या आणि फाट्यावरून ऊन डोक्यावर घेत चालत गावात पोचल्या. बाईंना निवृत्त व्हायला दोन महिने उरले होते, पण शिकवण्याची हौस पहिल्या वर्षाच्या मास्तरणीसारखी होती. दगड त्यांनी वरपासून तळापर्यंत निरखून पाहिला. मग वाळूच्या गोणीवर बसल्या.

“काढ चित्र. चारही चौकटी. घाई नको.”

उन्नतीने वरून सुरुवात केली. राजा, पिंडी, राजाचा अंबाडा उजव्या कानामागे कललेला. कमरेला कट्यार. मग दोन बायका, मग होड्या. शेवटी ती खड्ड्यात उतरली आणि पडेलाचं डोकं काढायला बसली. पेन्सिल थांबली.

“बाई, याचा अंबाडापण उजवीकडेच आहे.”

“असेल.”

“कट्यारपण तीच.” तिने मान वर करून पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. “बाई, हा राजाच आहे का?”

“मला कशाला विचारतेस? दगडाला विचार. त्या दोन बायकांचे पाय बघ.”

उन्नतीने पाहिले. इतकी वर्षं तिने ते पाय पाहिलेच नव्हते. ते जमिनीवर नव्हतेच. गुडघ्यांत मागे दुमडलेले होते, पोहताना असतात तसे. त्या बायका उडत होत्या, आणि त्या माणसाला दंडाला धरून वर नेत होत्या.

“दासी नाहीत या,” ती हळूच म्हणाली. “तो मेलाय. त्याला स्वर्गात नेतायत.”

“अशा दगडाला वीरगळ म्हणतात,” बाई म्हणाल्या. “लढाईत पडलेल्याच्या आठवणीसाठी त्याच्या माणसांनी उभा केलेला. तो खालून वर वाचायचा: तळाशी कोण पडला, त्यावर कसा पडला, मग स्वर्गाची वाट, आणि सगळ्यात वर तो देवापाशी. आता होड्या मोज.”

एका बाजूला पाच होड्या होत्या. दुसऱ्या बाजूला एकच, आणि तिच्यात उजवीकडे अंबाडा कललेला तो माणूस उभा.

“म्हणजे स्वारी त्याने नाही केली. त्याच्यावर झाली.”

“हो.”

“कोणी केली?”

“लिहिलेलं नाही. जिंकून इथे राहिले की निघून गेले, तेही माहीत नाही.”

उन्नतीने पडेलाच्या छातीवरच्या खळग्यात बोट घातलं. आतून तो अगदी गुळगुळीत होता.

“बाई, मग आम्ही इतकी वर्षं...”

ललिताबाईंनी चष्मा पुसला. रस्त्यावरून एक कंटेनर धडधडत गेला, तो जाईपर्यंत त्या थांबल्या.

“तुझी पाचवी स्वारी खोडू नकोस,” त्या म्हणाल्या. “सिकंदराचं राज्य मोडलं. मंगोलांचंही मोडलं. इथे आलेल्यांचं तर नावसुद्धा उरलं नाही. पण हरलेल्याचीच नातवंडं दर वर्षी त्यांचं काम करतायत, आणि त्यांना ते कोणी सांगावंही लागत नाही. यापेक्षा यशस्वी स्वारी मला तरी ठाऊक नाही.”

दुपारी हिरामण ओटीवर जाळं सांधत बसला होता. खाडीत जाणं सुटून त्याला वीस वर्षं झाली होती, तरी हाताला चाळा लागायचा. उन्नतीने वही त्याच्यापुढे धरली. अंबाडा दाखवला, कट्यार दाखवली, उडणारे पाय दाखवले. त्याच्या हातातली सुई थांबली.

“बाईंनी शिकवलं तुला ह्ये?”

“मी बघितलं, आजा. तू पण चल, बघ.”

“मला न्हाय बगायचं.” त्याने जाळं गुंडाळलं. “माज्या बापाने पयली टाच मारली. त्याच्या बापाने मारली. मी बारा वर्साचा होतो तवा एवडी जोरात मारली का चार दिवस लंगडत होतो. गाव खांद्यावर घेऊन नाचलं मला. आता गावाला सांगू, का आमच्या घराला मान हाय तो आपल्याच मानसाला लाथ घालायचा?”

उन्नतीने वही मिटली.

“आनि आपन पडलो होतो, ह्ये सांगू?”

“पडलो होतो, पण एक होडी घेऊन पाचांसमोर गेलो होतो,” ती म्हणाली.

हिरामणने तिच्याकडे पाहिलं, मग खाडीच्या दिशेला. “उद्या जत्रा हाय,” तो शेवटी म्हणाला. “कुनाला काय बोलू नको. मान तुजा हाय, टाच मार आनि मोकळी हो. मग काँक्रीट पडंल. कुनाला दिसायचं न्हाय.”

त्याच दिसण्या-न दिसण्याचा विचार करत उन्नती सकाळी देवळाकडे गेली. दिसेनासं झालं की ते कायमचंच, एवढं तिला कळत होतं. ढोल वाजत होते. लडकू मिस्तरीने मिक्सर चालू करून ठेवला होता. पोरांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती, दीपेश सगळ्यात पुढे, एका पायावर उड्या मारत. गावातली सगळ्यात म्हातारी गोदूबाई खुर्चीवर बसली होती. वरच्या राजाच्या गळ्यात झेंडूचा हार पडला.

“चल पोरी,” हिरामण म्हणाला. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

उन्नती चपला काढून खड्ड्यात उतरली. ढोल थांबले. तिने टाच उचलली नाही. ती खाली बसली, आणि ओढणीच्या टोकाने पडेलाच्या चेहऱ्यावरची सिमेंटची धूळ पुसायला लागली.

“अगं, टाच मार ना,” दीपेश ओरडला. “पाय दुखतोय का?”

कोणीतरी हसलं. उन्नती पुसत राहिली. अंबाडा मोकळा झाला, मग कट्यार.

“काय झालं तिला?” गोदूबाईने विचारलं. मग ती काठी टेकत स्वतःच खड्ड्याच्या काठाशी आली. “काय बघतंस गं?”

“आजी, हा आणि वरचा एकच आहे,” उन्नती म्हणाली. “अंबाडा बघ.”

गोदूबाई वाकली. वर पाहिलं, खाली पाहिलं. तिला फार वेळ लागला नाही. आपल्या उजव्या पायाकडे पाहून ती जागच्या जागी जमिनीवर बसली.

“लहानपनी सगळ्यांच्या बरोबरीनं मारली रे म्या,” ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते कळलं नाही.

आता गावातला एकेक जण पुढे येऊन वाकून बघायला लागला. सगळ्यांना पटलं असं नाही. एक जण म्हणालाच, “पोरीटोरींचं काय ऐकता?” पण त्यानेही आपल्या पोराला टाच मारायला पुढे केलं नाही.

“हिरामणदादा,” लडकू मिस्तरीने मिक्सरजवळून हाक मारली, “माल घट्ट व्हायला लागला. ओतू का?”

हिरामण खड्ड्यात उतरला. वाकायला त्याला त्रास झाला. त्याने पडेलाच्या छातीवरच्या खळग्यावर हात ठेवला, पंजा उघडून, आणि बराच वेळ तसाच ठेवला.

“नको,” तो म्हणाला. “आदी दगड वर उचल. ह्यो दिसला पायजे.” मग उन्नतीला, अगदी हळू आवाजात: “आता पोरांची रांग उभी हाय. त्यांना काय सांगायचं?”

उन्नती वर आली. तिने दीपेशचा हात धरला, त्याला खड्ड्यात उतरवलं, त्याचं बोट पडलेल्या माणसाच्या अंबाड्यावर टेकवलं आणि म्हणाली, “वाचायचं इथून. खालून वर.”